अडलेले यंत्र : चरख्यापासून कार्डाएवढ्या संगणकापर्यंत

१९२९ सालच्या जुलै महिन्यात अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख, बरं का! बक्षीस होते नव्या चरख्यासाठी, आणि त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका असावा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, बाईमाणसाला आठ तास कातताना फार श्रम पडू नयेत, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. इथपर्यंतच्या अटी कोणत्याही शहाण्या कारखानदाराला सुचल्या असत्या. पुढची अट मात्र वेगळी आहे. हे यंत्र वेळोवेळी डागडुजी करून निदान २० वर्षे चालले पाहिजे, आणि वर्षाकाठी सुट्या भागांचा खर्च मूळ किमतीच्या शेकडा ५ पेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे यंत्र मागतानाच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मागितला होता.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही एक चरखा या स्पर्धेत उतरला होता. पण बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. पुढे १९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले, त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम उभे केले, आणि १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडले. आपल्या जिल्ह्याच्या शाळांच्या सहली तिथे जातात. घाणी, चरखे, दिवे पाहताना मुलांना एक गोष्ट शिक्षकांनी जरूर दाखवावी. या वस्तूंचा कोणता भाग मोडेल आणि तो गावचा सुतार-लोहार नीट करू शकेल की नाही, हे त्या वस्तूकडे नुसते पाहून सांगता येते.

रेडिओकडे पाहून तसे सांगता येईना. तिथूनच आपली खरी कथा सुरू होते.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. वर्धा तिथून सुमारे ७५ किलोमीटरवर, तेव्हा आवाज पोहोचायला अडचण नव्हती. अडचण होती ती ऐकणाऱ्या पेटीची. त्या काळचा रेडिओ वाल्वचा, म्हणजे काचेच्या दिव्यांचा. वीज नसलेल्या गावात तो कोरड्या बॅटरीवर चालवावा लागे. अशा बॅटरीचे दोन भाग असत. एक लहान दाबाचा, सुमारे दीड व्होल्टचा, वाल्वमधली तार तापवण्यासाठी; दुसरा ९० व्होल्टचा, वाल्व प्रत्यक्ष कामाला लावण्यासाठी. दोहोंपैकी एक उतरला की पेटी मुकी. पंचायतीच्या कचेरीत ठेवलेला सार्वजनिक रेडिओ ‘बिघडला’ अशी बोलवा होई. पुष्कळदा तो बिघडलेला नसेच, उपाशी असे. पण गावात हे ओळखणार कोण? वाल्व पाहणारा माणूस शहरात, बॅटरीही शहरातून यायची, आणि तोवर पेटीवर धूळ साचायची.

१९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली. २० कार्यक्रम झाले. लोक ऐकत, ऐकून आपसांत चर्चा करीत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. कल्पना मूळची कॅनडातली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी करून मोठा अहवाल लिहिला, आणि तो जगभर वाचला गेला. आपला वर्धा जिल्हा त्यात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. या प्रयोगाची स्तुती सगळेच करतात. माझ्या मनात मात्र नेहमी एक साधी गोष्ट येते : संध्याकाळी चर्चा व्हायची तर त्या संध्याकाळी पेटी बोलली पाहिजे. ती बोलती ठेवणाऱ्या माणसाचे नाव इतिहासात सहसा सापडत नाही.

हा धडा १९७५ साली इस्रोने घेतलेला दिसतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरदर्शन दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. गावातल्या संचावर छत्री होती ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची. ती वाऱ्याने वाकली तर गावकऱ्यालाही दिसे. आणि संच गावात नेण्याआधीच दुरुस्तीची ठाणी, सुटे भाग आणि फिरती माणसे यांची आखणी झाली होती. मला विचाराल तर उपग्रहापेक्षा या आखणीचे कौतुक जास्त करावे.

आता संगणकाकडे वळू. आणि गंमत अशी की ही वाट रेडिओच्याच दारातून जाते. ब्रिटनच्या बीबीसीने १९८१ च्या सुमारास लोकांना संगणक शिकवण्याचा उपक्रम काढला आणि केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे यंत्र करून घेतले. प्रसारण संस्थेने आपले नाव संगणकाला द्यावे, ही घटना आगळीच. आपल्या सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली, त्यात सुमारे २५० शाळांना हेच बीबीसी मायक्रो मिळाले. एकॉर्न कंपनीनेच १९८५ मध्ये ‘आर्म’ नावाची नवी चिप तयार केली. त्या घराण्याची चिप आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. आणि त्याच केंब्रिजमध्ये, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रास्पबेरी पाय’ विकायला काढला. हा संपूर्ण संगणक एकाच पाटीवर, आकाराने एटीएमच्या कार्डाएवढा, मूळ किंमत ३५ डॉलर. त्याच्या प्रकारांना ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावे दिली ती बीबीसी मायक्रोच्या आठवणीने. हेतू होता मुलांनी संगणकाशी खेळावे, तो खोलावा, त्याला कामाला लावावे.

लोकांनी त्याचा दुसराच उपयोग शोधला. टीव्हीच्या मागे ही पाटी लावायची, तिच्यात गाणी, भजने, शाळेचे पाठ, जुनी भाषणे, सिनेमे भरायचे, आणि रिमोटने हवे ते लावायचे. इंटरनेट असले तर ठीक, नसले तरी चालते. यासाठी ‘कोडी’ नावाची मोफत प्रणाली आहे. ती २००२ च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी निघाली, आणि २०१४ मध्ये तिला हे नाव मिळाले. आपल्या भाषेत कोडे-कोडी असे चालते हे ठेवणाऱ्यांना ठाऊक नसणार. पण पेटी बंद पडली की नाव शोभून दिसते!

तेव्हा समजा, सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत अशी पाटी टीव्हीला लावली आहे. काल चालत होती, आज पडदा काळा. आता काय?

सगळ्यांत आधी वीज. इथे वाल्वच्या काळापासून काही बदललेले नाही. या पाटीला ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो. तिसऱ्या पिढीच्या पाटीला अडीच अँपिअर, चौथीला तीन. आपण लावतो कपाटात पडलेला मोबाईलचा चार्जर आणि बारीक, लांबलचक वायर. मोबाईलला त्याने काही होत नाही, कारण त्याच्या पोटात बॅटरी आहे. या पाटीला पोट नाही. वायरीतच दाब खर्च होतो. यादी, चित्रे दिसत राहतात, आणि सिनेमा सुरू केला की काम वाढते, दाब पडतो, यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याची खूण येते. ही खूण पुष्कळ लोक शोभेची समजतात. ती पाटीची तक्रार आहे. जाड, आखूड वायर आणि योग्य अडॅप्टर लावला तर निम्मे ‘बिघाड’ तिथेच मिटतात. बाहेरची हार्डडिस्क जोडली असेल तर तिला वेगळी वीज द्यावी. नाही तर ती पाटीच्याच ताटातले खाते आणि मधेच गायब होते.

दुसरे म्हणजे कार्ड. या संगणकाची सारी स्मृती मोबाईलमध्ये घालतो तसल्या नखाएवढ्या कार्डात असते. बहुतेक पाट्यांवर लाल दिवा विजेचा आणि हिरवा कार्डाचा. लाल लागला आणि हिरवा अजिबात हलला नाही, तर कार्ड वाचले जात नाही. ते काढावे, पुसावे, पुन्हा घट्ट बसवावे. हिरवा ठरावीक वेळा मिणमिणून थांबत असेल तर तोही एक निरोप असतो : चारदा म्हणजे सुरुवातीची एक फाईल सापडली नाही, सातदा म्हणजे प्रणालीचा गाभाच, कर्नल, सापडला नाही. पडद्यावर इंद्रधनुष्यी चौकोन येऊन तिथेच थांबला तरी संशय कार्डावर आणि विजेवर घ्यावा.

कार्ड बिघडते कशाने? आपल्याकडे तरी बहुधा वीज गेल्याने. कार्डावर काही लिहिणे चालू असताना प्रवाह तुटला की अर्धे पान लिहून दौत सांडावी तसे होते. म्हणून रिमोटवरून ‘बंद करा’ असे रीतसर सांगून, हिरवा दिवा शांत झाल्यावरच बटण बंद करायचे. भारनियमन मात्र आपल्याला विचारून होत नाही. तेव्हा नीट चालत असलेल्या कार्डाची एक नक्कल काढून शाळेच्या कपाटात, पाकिटावर तारीख घालून ठेवावी. काम पाच मिनिटांचे, पण हजारात एखादा करतो. आणखी एक : बाजारात ६४ जीबीचे छाप मारलेली नकली कार्डे मिळतात. सुरुवातीला चालतात, मग भरत आली की आधीचे पुसून टाकतात. कार्ड नवे असले म्हणून निर्दोष समजू नये.

पडद्याच्या तक्रारी बहुतेक क्रमाच्या असतात. पाटी सुरू होताना ती विचारते, समोर टीव्ही आहे का? टीव्ही झोपलेला असला तर उत्तर येत नाही, आणि जुन्या पाट्या चित्र पाठवीतच नाहीत. आधी टीव्ही लावा, त्यावर योग्य खाच निवडा, मग पाटी. चौथ्या पिढीच्या पाटीला चित्राच्या दोन खाचा आहेत. विजेच्या खाचेजवळची वापरावी. चित्र आहे पण आवाज नाही, असे झाले तर आवाज बहुधा दुसऱ्या दाराने, कानात घालायच्या बारीक खाचेतून चालला आहे. कोडीच्या सेटिंगमध्ये ते दार बदलता येते.

एखादीच फिल्म अडखळते आणि बाकी नीट चालतात, तेव्हा यंत्राला दोष देऊ नये. चित्रे साठवण्याच्या भाषा निरनिराळ्या आहेत, आणि प्रत्येक पाटीला सगळ्या येत नाहीत. जुन्या डीव्हीडीची भाषा, एमपेग-दोन, पहिल्या पाट्यांना सहज समजावी यासाठी २०१२ पासून वेगळा परवाना विकत घ्यावा लागे. रेडिओ ऐकायलाही आपल्याकडे पोस्टातून परवाना काढावा लागे, त्याची आठवण जुन्या माणसांना होईल. उलट अगदी नव्या, दाट भरलेल्या फिल्मी तिसऱ्या पिढीपर्यंतच्या पाटीला झेपत नाहीत.

मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तर फाईल बिघडलेली नसते. प्रणालीच्या अक्षरसाच्यात देवनागरी नसते, इतकेच. सेटिंगमध्ये अक्षराचा साचा बदलून पाहावा, आणि तरीही जोडाक्षरे फुटत असतील तर फाईलींना आकडे देऊन नावांची यादी वहीत लिहून ठेवावी. वहीला वीज लागत नाही.

मग उन्हाळा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वर्ग पत्र्याचा असतो, आणि पाटी टीव्हीच्या पाठीला बंद डबीत. चिप ८० अंशांना पोहोचली की आपणहून चाल मंद करते, चित्र अडखळते, आणि सकाळी सगळे व्यवस्थित असते. दुपारी बिघडते आणि सकाळी चालते, अशी तक्रार आली की डबी उघडावी.

शेवटची गोष्ट घड्याळाची. चौथ्या पिढीपर्यंतच्या पाटीत स्वतःचे घड्याळ नाही. ती वेळ इंटरनेटवरून विचारून घेते. नेट नसलेल्या गावात वीज गेली की ती बंद पडल्या वेळेलाच पुन्हा उठते आणि जुनी तारीख दाखवते. घरातले भरलेले गाणे वाजायला याने काही अडत नाही. पण कधी तरी गुरुजींनी मोबाईलचे नेट जोडले की काही ठिकाणे ‘ओळखपत्राची मुदत’ सांगून दार लावून घेतात, आणि सगळे नेटला शिव्या देतात. नेट जोडल्यावर तारीख सुधारेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे थांबावे, किंवा थोड्याशा पैशांत घड्याळाची छोटी पाटी मिळते ती बसवावी. तिच्यातही एक गोल बॅटरी असते, रुपयाएवढी. ती उतरली की बदलावी.