चाकण

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील एक इतिहासप्रसिद्ध कसबा व अर्वाचीन उद्योगकेंद्र. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवर, नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, इंद्रायणी व भीमा या नद्यांच्या दरम्यानच्या सपाट मुलखात हे गाव वसले असून, तळेगावावरून बोरघाटाकडे, शिक्रापुरावरून अहमदनगराकडे आणि खेडवरून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटा येथे एकत्र येतात. सह्याद्रीतील बहुतेक दुर्गांना कड्याकपाऱ्यांचे जे नैसर्गिक संरक्षण लाभले आहे, त्याचा येथे लवलेशही नाही. तथापि या वाटांवर ज्याला अंमल बसवावयाचा असे, त्याला चाकणचे ठाणे प्रथम हस्तगत करावे लागे, आणि येथील भुईकोटाचा, म्हणजे संग्रामदुर्गाचा, सारा इतिहास या एका गरजेतून घडला आहे.

पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने कोकणच्या स्वारीसाठी चाकण येथे आपला तळ दिला. शिर्के व खेळण्याचा राजा यांनी त्याच्या फौजेचा घाटाखालच्या अरण्यात संहार केल्यावर वाचलेले परदेशी शिपाई चाकणास परतले; परंतु दरबारातील दखनी पक्षाने त्यांना विश्वासघाताने गाठून येथेच त्यांची कत्तल केली. पुढे हे ठाणे निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याच्या हाती गेले. पुणे व सुपे परगण्यांची जहागीर मालोजी भोसल्यांस मिळाली तेव्हा शिवनेरीबरोबर चाकणचा किल्लाही त्यांच्या हवाली झाला, असे परंपरा सांगते. आणि शिवाजी महाराजांच्या उदयकाळी येथील किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने स्वराज्याचा पक्ष स्वीकारला.

चाकणला अक्षय कीर्ती मिळवून दिली ती १६६० च्या वेढ्याने. त्या वर्षीच्या मे महिन्यात मोगल सुभेदार शायिस्तेखान पुण्यात दाखल झाला; पावसाळा तोंडावर होता, आणि अहमदनगराहून येणारी रसद निर्धास्तपणे चालू राहावयाची तर वाटेवरचे हे मराठी ठाणे मोडणे त्यास भाग होते. २१ जून रोजी त्याने कोटास वेढा घातला. शिवाजी महाराज त्या समयी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते, आणि जुलैच्या मध्यास तेथून त्यांची सुटका झाल्यावरही एवढ्या प्रचंड फौजेवर चालून जाण्याइतके बळ त्यांच्यापाशी उरले नव्हते. सबब किल्ल्यातील मोजक्या शिबंदीस बाहेरून कुमक मिळण्याची आशा नव्हती. खानाने चहूबाजूंनी मोर्चे बांधले, दमदमे उभारून त्यांवर मोठ्या तोफा चढविल्या, आणि भर पावसात, आतल्यांचा मारा सोशीत, तटापर्यंत सुरुंग नेला. १४ ऑगस्ट रोजी तिसऱ्या प्रहरी सुरुंग उडाला व ईशान्येचा बुरूज त्यावरील शिपायांसह नाहीसा झाला. तरीही हल्ला करून आलेल्या मोगलांना त्या खिंडाराच्या आत मातीचा नवा बांध आणि त्यामागे बाण, बंदुका व धोंडे घेऊन सज्ज असलेले मावळे आढळले. ती रात्र हल्लेखोरांना जागच्या जागी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी कोट पडला. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाल्याचे नमूद केले आहे. मैदानातल्या एका लहानशा कोटासाठी मोजलेली ही किंमत पाहता, डोंगरी किल्ल्यांच्या वाटेस जाण्याचा खानाचा उत्साह पुढे मावळला यात नवल नाही.

खानाने देऊ केलेली मोगली चाकरी फिरंगोजीने नाकारली. महाराजांनी ठाणे गेल्याचा दोष त्याच्या माथी न मारता त्याचा सन्मान केला, आणि भूपाळगडाची किल्लेदारी त्यास सांगितली. पराभवातही निष्ठेची कदर करणारी ही दृष्टी स्वराज्याच्या बांधणीत कोणत्याही तटाहून मोलाची ठरली, असे निःसंशय म्हणता येते. मोगलांनी चाकणचे नाव इस्लामाबाद ठेवले, पण ते लोकांत रुजले नाही.

याच काळात फ्रान्समध्ये वोबाँ हा स्थापत्यविशारद सपाट प्रदेशातील दुर्गांचे शास्त्र सिद्ध करीत होता. त्याने १६९८ नंतर ऱ्हाईनकाठी वसविलेले नफ-ब्रिझाक हे छोटेखानी नगर आपल्या अष्टकोनी तटबंदीसह आजही अभंग असून २००८ साली त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. चाकणच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. १८१८ च्या फेब्रुवारीत कर्नल डीकनच्या इंग्रजी पलटणीने किल्ला घेतल्यावर त्याचे लष्करी प्रयोजन संपले. तटबुरुजांचे काही अवशेष आणि खंदकाच्या खुणा एवढेच आज गावाच्या वस्तीत शिल्लक आहे. त्यांचे जतन अधिक आस्थेने व्हावयास हवे.

किल्ल्याखेरीज गावातील चक्रेश्वराचे देवालय प्रसिद्ध आहे. कांदा व बटाटा यांची येथील बाजारपेठ मोठी असून जनावरांचा बाजारही भरतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी आदी गावांच्या शिवारांत वसाहत स्थापन केल्यापासून बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ व महिंद्र यांचे वाहननिर्मितीचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य उद्योग येथे उभे राहिले. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा त्यांच्या योगाने उत्तरेस भीमेच्या दिशेने विस्तारला, आणि २०१५ मध्ये चाकण येथे नगरपरिषद अस्तित्वात आली.