खर्चाच्या बाजूने पाहिलेली शाळा

शाळेच्या दर्शनी भिंतीवर मूल्यं रंगवून घेण्याची टूम तशी अलीकडची. श्रमप्रतिष्ठा, समता, बंधुता, खाली एखादी समई, आणि पेंटरचं बिल माझ्या टेबलावर. मी शाळेतला कारकून. सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलांमध्ये कॅशबुक, पगारपत्रक आणि जनरल रजिस्टर सांभाळता सांभाळता नोकरी संपली. एखादी शाळा कशाला मानते हे मी आधी खर्चाच्या बाजूला शोधतो. साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूलही मी तसंच वाचत आलो आहे.

हे हायस्कूल १९४० साली निघालं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते बडोद्याचे महाराज आदल्याच वर्षी वारले होते. फी नाही, राहण्याजेवण्याचे पैसे नाहीत. मुलाने अंगमेहनत करायची आणि शिकायचं. गंमत अशी की रयत शिक्षण संस्था स्थापन झाली ती १९१९ च्या दसऱ्याला, कऱ्हाडजवळच्या काले गावी, आणि तिचं हे पहिलं हायस्कूल. मधली एकवीस वर्षं संस्थेचा मुख्य पसारा बोर्डिंगांचा. संस्थापक भाऊराव पाटलांना हायस्कूल काढायला इतका उशीर का लागला, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, उशीर नव्हे, तो क्रमच बरोबर होता. हायस्कुलं शहरात होतीच. खेड्यातल्या पोराची अडचण होती ती दोन वेळच्या भाकरीची आणि रात्री अंग टाकण्याच्या जागेची. त्यातून पोरगं महारवाड्यातलं किंवा मांगवाड्यातलं असेल तर त्याला घरात घेणार कोण, हा आणखी वेगळा प्रश्न.

भाऊरावांना हे स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. जन्म कुंभोजचा, १८८७ चा. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहून शिकत असताना ते अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. पुढे मॅट्रिकही झाले नाहीत. शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचं काम केलं, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. विक्रेत्याला गाव जसं कळतं तसं ते शाळाखात्याच्या साहेबाला कळत नाही. कुणाच्या घरी दाणे आहेत, कुणाकडे नाहीत, कुणाचं पोरगं हुशार असून गुरांमागे जातं, ही सगळी माहिती त्या फिरतीत गोळा झाली असणार.

१९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू झालं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी तिथे आले आणि त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. फोटो त्या दिवसाचे छापले जातात, पण माझं लक्ष जातं ते स्वयंपाकघराकडे. सगळी मुलं एकाच चुलीवरचं खातात आणि पाळीपाळीने स्वतःच रांधतात, हे त्या काळी साताऱ्यासारख्या पेठांच्या गावात भाषणापेक्षा जड होतं. आईबापांनी पोराला पाठवण्याआधी दहादा विचार केला असेल. आणि तरी पाठवलं.

दाणे कुठून येत? एक वाट मुष्टिफंडाची. घरातल्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगसाठी गोळा व्हायचं. नगद देणगीपेक्षा मला हा जमेचा प्रकार जास्त आवडतो, कारण त्यात देणारी आणि घेणारं एकाच पातळीवर असतात. त्या बाईचंच पोरगं उद्या तिथे जेवायला असू शकतं.

दुसरी वाट लक्ष्मीबाईंची. भाऊरावांच्या या पत्नी सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. बोर्डिंगातल्या कोठ्या रिकाम्या झाल्या तेव्हा त्यांचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या, म्हणजे हायस्कूल त्यांनी पाहिलं नाही. संस्थेच्या समारंभांत ही गोष्ट सांगताना वक्त्यांचा गळा दाटतो. मला मात्र दरवेळी थोडा रागच येतो. ते सोनं देणाऱ्या बाईला कार्यकारिणीत खुर्ची नव्हती, आणि बोर्डिंगात राहून शिकणारे होते ते मुलगे. मुलींचा विचार पुढे झाला, चांगला झाला, पण पुढे झाला.

आमचे दादा, म्हणजे वडील, १९५० च्या दशकात कमवा-शिका करत साताऱ्यात शिकले. त्यांच्या बोलण्यात अभिमान कमी आणि तक्रारी जास्त. पहाटेची थंडी, शेतावरचं खुरपं, दगड वेचून जमीन सारखी करणं, आमटीत डाळ शोधावी लागणं. स्वयंपाकाच्या पाळीत शिकलेली भाकरी मात्र ते म्हातारपणापर्यंत अशी गोल थापत की आईने त्या बाबतीत त्यांच्याशी स्पर्धाच सोडून दिली होती. एक गोष्ट ते ठासून सांगत: आम्ही कुणाचं फुकट खाल्लं नाही. या वाक्यात मला त्या शाळेचा सगळा हिशेब दिसतो. नादारी मागायला पोराला हेडमास्तरांपुढे उभं राहून गरिबी सिद्ध करावी लागते. कामाचे तास मांडले की तो प्रश्न उरत नाही. पोरगा देणेकरी नाही, आश्रितही नाही.

मास्तरांचं काय? १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं, ते खेड्यात टिकतील असे शिक्षक घडवण्यासाठी. संस्थेच्या शेकडो व्हॉलंटरी शाळा अशाच माणसांवर चालल्या, बहुतेक ठिकाणी एकटा मास्तर आणि गावाने दिलेली चावडी किंवा देऊळ. काहींनी आजीव सेवक होऊन सगळी उमर संस्थेला दिली. पी. जी. पाटील याच संस्थेत वाढले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि वकिली न करता संस्थेतच शिकवू लागले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी नावं आपण घेतो. नाव नसलेल्या मास्तरांनी रात्री बोर्डिंगात झोपायचं, सकाळी शिकवायचं, सुट्टीत वर्गणी गोळा करायची. त्यागाच्या गोष्टींत शाळेची थोरवी असते तशी मास्तराच्या बायकोची ओढाताणही असते.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारशी अण्णांचं, म्हणजे भाऊरावांचं, बिनसलं आणि अनुदान थांबलं. अनुदान थांबलं की सर्वांत आधी काय थांबतं, हे कारकुनाला विचारावं लागत नाही. त्याच सुमाराला अण्णांनी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला होता. लोकांनी पैसे उभे केले, पुढे अनुदानही सुरू झालं, आणि शाळा निघत राहिल्या. आज संस्थेची हायस्कुलं चारशेहून अधिक आहेत.

सेवकांनी आपली सोय आपणच केली, हा भाग पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. रयत सेवकांची सहकारी पतपेढी उभी राहिली, तिची पुढे बँक झाली. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे सभासद. पगारातून हप्ता परस्पर वळता. पोरीचं लग्न, घराची कौलं, दवाखाना, गावाकडची विहीर, अशी कर्जाची कारणं मी वर्षानुवर्षं अर्जांवर वाचली. लक्ष्मीबाईंच्या नावाची शिक्षणोत्तेजक पतपेढीही आहे, मुलांना पुढच्या शिक्षणासाठी कर्ज देणारी. त्यांच्या सोन्याची नोंद निदान या एका ठिकाणी नावासकट झाली.

पुढे शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून थेट होऊ लागले. बरंच झालं. उपाशी मास्तर जास्त चांगला शिकवतो असं मानणाऱ्यांना मी कधी पगाराविना एक महिनाही काढताना पाहिलं नाही. कमवा-शिका कॉलेजांत टिकलं आहे, तासाप्रमाणे मानधन मिळतं, ग्रंथालयात आणि बागेत पोरं काम करतात, आता पोरीही. हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि महिनाअखेरीस रक्कम खात्यावर जाते. निवृत्त झालो तरी तसं पत्रक समोर आलं की आधी मी तासांची बेरीज तपासतो. एखाद्या पोराचा अर्धा तास राहून गेला असला तर तो लिहायला लावतो.