भोर समितीची आरोग्ययोजना

खेड्यांतील एखादा माणूस तापानें फणफणला, कीं घरच्या मंडळींपुढें तीन प्रश्न उभे राहतात. डॉक्टर किती कोसांवर आहे? रोग्याला त्याच्यापर्यंत न्यावयाचें कसें? आणि त्याला द्यावयाचे पैसे आणावयाचे कोठून? हे प्रश्न त्या एका घराचे दिसतात, परंतु एकट्या घराला ते सुटत नाहींत. दवाखाना कोठें असावा, त्यांत कोणीं काम करावें आणि त्याचा खर्च कोणीं सोसावा, हे निर्णय समाजाला आणि सरकारला घ्यावे लागतात. हिंदुस्थानांत या तिन्ही प्रश्नांचा एकत्र आणि सांगोपांग विचार झाला तो १९४३ ते १९४६ या काळांत. आणि ज्या समितीनें तो केला तिला तिच्या अध्यक्षांच्या नांवावरून भोर समिति म्हणतात.

सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या बिशप्स हायस्कुलांत आणि डेक्कन कॉलेजांत शिकून ते विलायतेस गेले व सनदी नोकरींत शिरले. कोचीन संस्थानचे दिवाण आणि पुढें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, अशीं पदें त्यांनीं भूषविलीं. ते डॉक्टर नव्हते. कारभार आणि जमाखर्च यांत मुरलेल्या माणसाकडे हें काम यावें, यांत एक औचित्य होतें. कारण प्रश्न औषधाचा जितका होता तितकाच व्यवस्थेचा होता.

या समितीपूर्वीं सरकारी आरोग्यव्यवस्था मुळींच नव्हती असें नाहीं. पण ती ज्या रीतीनें वाढली त्या रीतींतच तिचे दोष होते. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ सालीं, हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं एक रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. गोरे शिपाई लढाईपेक्षां रोगांनींच अधिक मरत; त्यांचें वार्षिक मृत्युमान दर हजारीं ६९ भरलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं या कामाचा ध्यास घेतला. १८६३ सालीं अहवाल आला आणि १८६४ सालीं बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्य-कमिशनें स्थापन झालीं. म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विचार लष्करी छावणींत जन्मला, आणि छावणीच्या कुंपणाबाहेर पडावयास त्याला फार वेळ लागला. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांच्या ठरावानें नगरपालिका व लोकल बोर्डें यांना बळ मिळालें. सफाई, पाणीपुरवठा, देवी टोचणें हीं कामें त्यांच्या अंगावर आलीं. पण कामाच्या मानानें पैसा हातीं आला नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली. पुढच्याच वर्षीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत सोजिरांकरवीं घरोघर झडत्या सुरू झाल्या, लोक संतापले, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लोकांचा विश्वास न मिळवतां राबविलेली आरोग्यव्यवस्था रोगाइतकीच भयप्रद होते, हें त्या वर्षानें दाखविलें. त्याच सांथींतून हाफकिन यांची लसहि पुढें आली, आणि परळची प्रयोगशाळा उभी राहिली. एकाच संकटानें व्यवस्थेचीं हीं दोन्ही रूपें महाराष्ट्राला दाखविलीं.

१९१९ च्या सुधारणांनीं आरोग्य हा विषय प्रांतांकडे सोंपविण्यांत आला. मंत्री लोकांना जबाबदार झाले, हें खरें. परंतु जकात व प्राप्तिकर यांसारखीं वाढतीं उत्पन्नें मध्यवर्ती सरकारपाशींच राहिलीं. जबाबदारी एकीकडे आणि तिजोरी दुसरीकडे, अशी ही वांटणी होती. १९३८ सालीं काँग्रेसनें राष्ट्रीय नियोजन समिति नेमली. तिच्या आरोग्य-उपसमितीचे अध्यक्ष परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे प्रमुख कर्नल साहिबसिंग सोखे हे होते. दर हजार वस्तीस एक शिकविलेला आरोग्यसेवक असावा, ही त्यांची सूचना पुढें अनेक वेळां निरनिराळ्या नांवांनीं परत आली.

भोर समिति नेमली गेली ती ऑक्टोबर १९४३ मध्यें. महायुद्ध चालूं होतें आणि बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें मरत होतीं. डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार, चीनमध्यें कार्य करून कलकत्त्यास आलेले डॉ. जॉन ग्रँट आणि मुंबईचे कामगार-पुढारी नारायण मल्हार जोशी हे तिच्या सभासदांत होते. समितीनें प्रथम देशाची नाडी पाहिली, आणि जें दिसलें तें तिनें आंकड्यांत मांडलें.

१९३७ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत दर हजारीं मृत्यूंचें प्रमाण २२.४ होतें, इंग्लंड व वेल्समध्यें तें १२.४ होतें. जन्मलेल्या हजार बालकांपैकीं १६२ वर्षाच्या आंत दगावत. इंग्लंडांत ५८, न्यूझीलंडांत ३१. जन्मतः अपेक्षित आयुष्य २७ वर्षेंहि नव्हतें. एकूण मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालील मुलांचे होते. बाळंतपणांत दरवर्षीं सुमारें दोन लाख स्त्रिया मरत. हिंवतापानें दरवर्षीं निदान दहा कोटी लोक आजारी पडत. आणि या साऱ्याशीं झगडावयाला डॉक्टर होते ४७,५२४, म्हणजे सुमारें ६,३०० माणसांमागें एक. परिचारिका अवघ्या सात हजार, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. रुग्णालयांतील खाटांचें प्रमाण हजारीं ०.२४, इंग्लंडांत तें सातांहून अधिक होतें. दवाखाने होते तेथेंहि गर्दी इतकी, कीं कांहीं ठिकाणीं एका रोग्याच्या वाट्याला डॉक्टरचें पुरतें एक मिनिटहि येत नसे.

या आंकड्यांवरून डॉक्टर वाढवा, इतकाच निष्कर्ष कोणी काढला असता. समिति तेथें थांबली नाहीं. अपुरें अन्न, घाण पाणी, दाटीचीं घरें, निरक्षरता आणि दारिद्र्य हीं रोगाचीं मुळें आहेत, असें तिनें स्पष्ट सांगितलें. रोग होऊं न देणें हें एका खात्याचें काम आणि झालेला बरा करणें हें दुसऱ्या खात्याचें, ही तोंवरची विभागणी तिनें नाकारली. गांवच्या डॉक्टरनें औषध द्यावें आणि त्याच गांवच्या विहिरीकडेहि पाहावें, असा तिचा आग्रह होता. कलकत्त्याजवळ सिंगूर येथें अशा एकत्रित कार्याचा प्रयोग ग्रँट यांच्या संस्थेनें चालविलाहि होता.

समितीची योजना दोन टप्प्यांची होती. दूरच्या टप्प्यांत सुमारें तीस लाख वस्तीचा जिल्हा हा पाया धरला. त्यांत दहा ते वीस हजार वस्तीमागें ७५ खाटांचें एक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचें दुय्यम रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं २,५०० खाटांचें मोठें रुग्णालय, अशी उतरंड होती. साधा रोगी गांवाजवळच बरा व्हावा आणि कठीण रोगीच वर जावा, हें तिचें तत्त्व. जवळच्या टप्प्यांत ४०,००० वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविलें. त्यांत दोन डॉक्टर, एक रुग्णपरिचारिका, चार आरोग्य-परिचारिका, चार सुइणी, चार शिकविलेल्या दाया, दोन सफाई निरीक्षक, दोन आरोग्य-सहायक व एक औषधनिर्माता असावा. आणि प्रत्येक गांवीं पांच ते सात जणांची आरोग्यसमिति असावी. पुण्याच्या १८९७ च्या झडत्या ज्यांना आठवत होत्या, त्यांना या ग्रामसमितीचें मोल समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आतां पैशाचा प्रश्न. त्या वेळीं जगापुढें दोन मार्ग होते. एक विम्याचा, कामगार, मालक व सरकार यांनीं वर्गणी भरावी आणि त्यांतून उपचार मिळावे. कारखान्यांतील कामगारांसाठीं प्रा. बी. पी. आडारकर यांनीं १९४४ सालीं अशीच योजना मांडली. तिच्यांतून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें त्याची अंमलबजावणी सुरू झाली. परंतु ज्याला ठराविक पगारच नाहीं, त्या शेतमजुराची वर्गणी कोण कापून घेणार? म्हणून भोर समितीनें दुसरा मार्ग पत्करला. सेवा सर्वांना विनामूल्य असावी, खर्च सरकारी महसुलांतून व्हावा, डॉक्टर पगारी असावे, आणि सरकारनें आपल्या एकूण खर्चापैकीं निदान १५ टक्के आरोग्यावर खर्च करावे, असें तिचें मत पडलें. पैसे देण्याचें सामर्थ्य नाहीं म्हणून कोणीहि पुरेशा वैद्यकीय मदतीला मुकूं नये, हें अहवालाचें पहिलें सूत्र होय. ब्रिटनमध्यें याच सूत्रावर उभारलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली. पण तेथें रुग्णालयें आणि डॉक्टर आधींच होते. येथें तेच निर्माण करावयाचे होते.

समितींत एकमत होतें असेंहि नाहीं. देशांतील ४७ हजार डॉक्टरांपैकीं २९,८७० जण पदवीधर नव्हते. वैद्यकीय शाळांतून अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले ते परवानाधारक होते. बहुमताचें म्हणणें असें, कीं यापुढें एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर तयार करावा. खेडुताला कमी शिकलेला आणि शहरवाल्याला अधिक शिकलेला डॉक्टर, हा भेद नको. कांहीं सभासदांनीं भिन्नमत नोंदविलें. डॉक्टरांची एवढी वाण असतां छोटा अभ्यासक्रम बंद करणें म्हणजे खेड्याला डॉक्टरवांचून ठेवणें, असा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही पक्ष खेड्याच्याच हिताचें बोलत होते. शेवटीं शाळा बंद झाल्या, महाविद्यालयें वाढलीं, आणि नवा पदवीधर बहुधा शहरांतच राहिला. समतेच्या तत्त्वानें घेतलेला निर्णय अंमलांत विषमता वाढवूं शकतो, याचें हें एक ठळक उदाहरण. आयुर्वेद व युनानी यांविषयींचा निर्णय तर समितीनें प्रांतांवरच सोडला. खेड्यांत प्रत्यक्ष ज्यांच्याकडे लोक जात ते वैद्य व हकीम योजनेच्या बाहेरच राहिले.

अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षभरांत देश स्वतंत्र झाला आणि दुभंगलाहि. स्वतंत्र भारतानें अहवालाचा आराखडा उचलला, पण माप तोकडें घेतलें. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सुरू झालेल्या समूह-विकास कार्यक्रमांत प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं. परंतु एकेका केंद्राकडे समितीनें सांगितल्यापेक्षां किती तरी अधिक वस्ती आली आणि नोकरवर्ग कमी मिळाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेंत आरोग्याचा वांटा ३.३ टक्के होता. समितीनें सुचविलेली अखिल भारतीय वैद्यकसंस्था मात्र १९५६ सालीं दिल्लींत उभी राहिली. १९५९ सालीं डॉ. मुदलियार यांच्याच अध्यक्षतेखालीं दुसरी समिति नेमण्यांत आली. नवीं केंद्रें काढण्यापूर्वीं असलेलीं धड करा, असा तिचा सल्ला होता.

या तोकड्या मापाची किंमत हिंवतापानें वसूल केली. १९५३ सालीं डी. डी. टी. फवारण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या वर्षाला लाखाच्या आसपास आली. मोहिमेचें काम संपत आलें असें मानून पुढची राखण गांवोगांवच्या आरोग्य केंद्रांकडे सोंपविण्यांत येऊं लागली; पण तीं केंद्रेंच दुबळीं होतीं. डास कीटकनाशकाला दाद देईनासे झाले, खर्चाची ओढ झाली, आणि १९७६ सालीं रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली. फौजेनें जिंकलेला मुलूख राखावयाला ठाणीं लागतात. तीं ठाणीं म्हणजेच भोर समितीचीं केंद्रें होतीं.

अशा वेळीं १९७० सालीं नगर जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें खेड्यांतील निरक्षर स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण देऊन त्यांच्याच हातीं गांवचें काम सोंपविलें. सोखे यांची सूचना आणि भोर समितीची ग्रामसमिति, दोहोंनाहि येथें देह मिळाला. १९७८ सालीं अल्मा-आता येथें जगांतील राष्ट्रांनीं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, तेव्हां त्यांतील पुष्कळ विचार या देशाला नवे नव्हते.

हजार बालकांमागें १६२ हें मृत्यूचें प्रमाण २०२० सालीं २८ वर आलें आणि अपेक्षित आयुष्य सत्तरीला पोंचलें. हें यश लहान नव्हे. तरीहि आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यावा, असें २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाला लिहावें लागलें. म्हणजे १९४६ चा पैशाचा प्रश्न सत्तर वर्षांनींहि सुटला नव्हता. आरोग्यव्यवस्था एकदां बांधून मोकळें होतां येत नाहीं. ती विहिरीसारखी वरचेवर उपसावी लागते. नाशिकला जन्मलेल्या त्या सनदी अधिकाऱ्याच्या समितीनें तिचें माप घालून दिलें होतें. पैसे नाहींत म्हणून दाराशींच अडलेला रोगी जोंपर्यंत एखाद्या गांवीं सांपडतो, तोंपर्यंत तें माप अपुरेंच राहिलें असें म्हणावें लागेल.