मॉर्मन इतिहासलेखनामागील पत्रसंवाद

डेल मॉर्गन यांची श्रवणशक्ती १९२९ साली मेंदूज्वराने कायमची गेली, तेव्हा ते १४ वर्षांचे होते. यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन कुटुंबात जन्मलेल्या या इतिहासकाराला पुढील आयुष्यात दूरध्वनी निरुपयोगी ठरला. इतरांचे जे बोलण्यात विरून जाते, ते त्यांनी टंकलेखनयंत्रावर उतरविले. त्यामुळे १९४० नंतरच्या दशकात मॉर्मन इतिहासाचे संशोधन कसकसे घडत गेले, याचा अंतरंग-वृत्तांत अभ्यासकांस उपलब्ध आहे. त्यांची निवडक पत्रे आणि अपूर्ण राहिलेल्या ग्रंथाची प्रकरणे जॉन फिलिप वॉकर यांनी संपादित केली. ती १९८६ मध्ये, मॉर्गन यांच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील एका तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली आणि ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी यूटाच्या वाळवंटी प्रदेशात आले. या इतिहासाविषयी पुढील शतकभर जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे एक तर स्तुतिपर होते किंवा निंदापर. मॉर्गन, फॉन ब्रोडी आणि वानिटा ब्रुक्स हे तिघेही मॉर्मन घरांत वाढलेले. पहिल्या दोघांची श्रद्धा ओसरली होती. ब्रुक्स यांची टिकून होती. त्यांच्या पत्रव्यवहाराचे मोल या विषमतेत आहे.

ब्रुक्स दक्षिण यूटातील सेंट जॉर्ज या लहान गावी राहत. जुन्या वसाहतकारांच्या रोजनिश्या मिळवून त्यांच्या नकला करविणे, हे त्यांचे दीर्घकाळचे काम. त्यांच्या मनात मात्र एक जुने ऋण होते. तरुणपणी त्या शिक्षिका असताना नीफाय जॉन्सन नावाच्या वृद्ध गृहस्थांनी आपली हकीकत लिहून घेण्याची विनंती त्यांना केली होती. ती पुढे ढकलली गेली, आणि १९१९ मध्ये जॉन्सन यांच्या अंतकाळी ब्रुक्स पोहोचल्या, तेव्हा ते वातात रक्ताचा उच्चार करीत होते. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे मॉर्मन नागरी सेनेने काही इंडियन साथीदारांसह सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली, त्या प्रसंगी जॉन्सन उपस्थित होते. या घटनेवर ब्रुक्स लिहू लागल्या, तेव्हा चर्चच्या ताब्यातील काही शपथपत्रे त्यांना पाहू दिली गेली नाहीत. घरी कोणी आले, की इस्त्रीचे कपडे टाकून त्या टंकलेखनयंत्र झाकीत. अशा एकाकी लेखिकेला पत्रांतून मिळणारी सोबत ही केवळ विद्याव्यवहाराची गोष्ट नव्हती, हे उघड आहे.

नोव्हेंबर १९४५ मध्ये ब्रोडी यांचे जोसेफ स्मिथ यांच्यावरील चरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या हस्तलिखितावर मॉर्गन यांनी कठोर आणि तपशीलवार टीका केली होती. पुराव्यापलीकडे धावणाऱ्या ठाम विधानांविषयी त्यांनी सावध केले होते. तरीही स्मिथ यांच्या दैवी साक्षात्काराला ग्रंथात जागा नव्हती, आणि ब्रुक्स यांचा आक्षेप नेमका तेथे होता. स्मिथ यांना काही खरा आध्यात्मिक अनुभव आला असावा, असे त्या मानीत. मॉर्गन यांनी १५ डिसेंबर १९४५ रोजी त्यांना जे उत्तर लिहिले, ते या संग्रहातील सर्वांत महत्त्वाचे पत्र म्हणावे लागेल. आपण ईश्वर मानीत नाही. तेव्हा पुरावा कितीही पटण्याजोगा असला तरी चर्चचे स्पष्टीकरण सोडून अन्य सर्व ठिकाणी आपण उत्तर शोधणार, अशी कबुली त्यांनी तीत दिली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत असे सहसा कोणी लिहीत नाही. पुढे चर्चच्या समर्थकांनी हीच कबुली मॉर्गन यांच्याविरुद्ध वापरली. पण श्रद्धावंताच्या गृहीतालाही तीच कसोटी लागू पडते, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. कागदपत्रांची तारीख, हस्ताक्षर, साक्षीदाराचे अंतर यांविषयी मात्र मॉर्गन आणि ब्रुक्स एकाच न्यायाने बोलत, आणि ईश्वराविषयीचा मतभेद त्या बोलण्याच्या आड आला नाही.

ब्रोडी यांना १९४६ मध्ये चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. ब्रुक्स यांचा ग्रंथ १९५० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केला. कत्तलीचा हुकूम यंग यांनी दिला नव्हता, परंतु नंतर सत्य दडविण्यात त्यांचा हात होता, आणि १८७७ मध्ये गोळ्या घालून देहान्त शासन भोगलेल्या जॉन ली यांच्या एकट्याच्या माथी सर्वांचा दोष मारला गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. स्वतः मॉर्गन यांचा मॉर्मन इतिहासाचा बहुखंडी संकल्प अपुराच राहिला. इतरांची हस्तलिखिते तपासण्यात गेलेले दिवस आणि उपजीविकेची विवंचना ही त्याची कारणे असावीत. १९५४ पासून ते बर्कली येथील बँक्रॉफ्ट ग्रंथालयात काम करीत होते. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

ली यांना १९६१ मध्ये चर्चने मरणोत्तर पुन्हा सामावून घेतले. ही वार्ता जाहीर होऊ नये, अशी धुरीणांची इच्छा होती. ब्रुक्स यांनी ती आपल्या ली-चरित्रात छापली. १९८९ मध्ये त्या वारल्या, तेव्हाही त्या चर्चच्या सदस्य होत्या.