गाभडलेली गाय

गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या आणि म्हाइंभटांच्या लेखणीने मराठी गद्यात चिरस्थायी ठरलेल्या रिद्धपुरासारख्या वऱ्हाडी गावी, जेथे कास्तकाराचा संसार बैलांच्या खांद्यावर चाले, गाय अकाली गाभडली म्हणजे दोष दृष्टीवर किंवा दैवावर ढकलून मोकळे होणे सोपे होते. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली खरी, पण चारच वर्षांत ती हिमालयात मुक्तेश्वरास हलली; खरा अपराधी १८९७ साली डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी हुडकला. हा ब्रुसेला जंतू वारेत ठाण मांडून गर्भाचे पोषण तोडतो आणि बहुधा पाचव्या महिन्यानंतर गर्भ पडतो. ती वार उघड्या हातांनी उचलणाऱ्या बिचाऱ्या गुराख्यालाही तो ज्वर जडवतो. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस टोचून घ्यावी.