शिशाचा बिल्ला

स्कॉटलंडमधल्या संग्रहालयांत आणि जुन्या नाण्यांच्या दुकानांत शिशाचे लहानसे, काळपट बिल्ले दिसतात. त्यांवर गावाचं आद्याक्षर असतं, नाहीतर पाळकाची आद्याक्षरं, कुठे कुठे सालही. बाजारात त्यांना कवडीची किंमत नव्हती. पण बिल्ला नसेल, तर चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजाशी बसता येत नसे.

बिल्ल्यांचा प्रस्ताव मूळचा धर्मसुधारक कॅल्विनचा. अपात्र माणसाने भाकर आणि द्राक्षारस घेऊ नये, म्हणून १५६० मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी पिएर विरेने जिनिव्हाच्या नगरसभेपुढे बिल्ल्यांची कल्पना मांडली. सभेने ती फेटाळली. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांनी मात्र उचलली, आणि त्याच वर्षी पोपची सत्ता झुगारणाऱ्या स्कॉटलंडमध्ये ही चाल चांगलीच रुजली. तिथे आधी कागदी चिठ्ठ्याही चालल्या. चिठ्ठीची नक्कल सोपी होती. शिसं स्वस्त, लवकर वितळणारं. साचा असला की गावातच ओतता येई. जुने बिल्ले वितळवून नवे पाडले जात.

प्रभुभोजन वर्षातून जेमतेम एकदा-दोनदा होई. त्याआधी पाळक आणि ‘वडील’, म्हणजे मंडळीचे वयाने नव्हे तर पदाने वडील, सभासदांची चौकशी करत. विश्वासाची प्रश्नोत्तरं येतात का? शेजाऱ्याशी भांडण मिटलं का? दारू, व्यभिचार, शिवीगाळ? समाधान झालं तर बिल्ला हातावर. नाही झालं, तर ‘कर्क सेशन’पुढे, म्हणजे पाळक आणि वडिलांच्या पंचायतीपुढे, हजर व्हायचं. तिथे शिक्षा होई ती बहुधा चारचौघांत: ओळीने काही रविवार साऱ्या मंडळीसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसायचं. कुठे गळ्यात लोखंडी कडं अडकवत. एडिंबरोजवळच्या डडिंग्स्टन चर्चपाशी तसं कडं आजही आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायात शिस्तीचा क्रम वेगळा आहे. अपराध करणाऱ्या भावाशी आधी एकांतात बोलायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्यायचं. मग मंडळीला सांगायचं. स्टुलाने तिसरी पायरीच पहिली करून टाकली. बिल्ल्याआधीची चौकशी निदान साऱ्या मंडळीसमोर नव्हती. अर्थात छोट्या गावात बिल्ला कोणाला मिळाला नाही हे मेजावरच्या रिकाम्या जागेवरून कळायचंच, तेव्हा तिलाही फार सोवळं ठरवायला नको.

वडिलांचं चुकलं, तर त्यांना कोण विचारणार? कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये मॉकलिनच्या विल्यम फिशर या वडिलाच्या ढोंगावर जहाल उपहासिका लिहिली. पुढच्याच वर्षी लग्नाआधीच्या संबंधांसाठी बर्न्सलाच मंडळीसमोर उभं राहावं लागलं. सवलत एवढीच, की स्टुलाऐवजी स्वतःच्या जागी उभं राहायला मुभा मिळाली. पुढे फिशरलाही दारूपायी मंडळीची समज ऐकावी लागली. म्हणजे नियम वडिलांनाही लागू होता. पण वेळ लागला.

एकोणिसाव्या शतकात बिल्ल्यांची जागा छापील कार्डांनी घेतली. प्रभुभोजनाआधी वडिलांनी ती घरोघर पोचवायची, हा रिवाज स्कॉटलंडमध्ये दीर्घकाळ टिकला; चौकशी गळाली, भेट उरली. मंडळीला शिस्त हवीच असेल, तर या साऱ्या पसाऱ्यातून घेण्याजोगी गोष्ट ती घरची भेटच आहे.