ब्रह्मी साग

कोकणात पाहुणा ओटीवर टेकला, की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ घराच्या लाकडाची हकीकत बाहेर येते. यजमान खांबावर थाप मारून म्हणतात, "ब्रह्मी साग! आजोबांनी बंदरावर उतरवून घेतला." रत्नागिरीतल्या समस्त आजोबांनी सांगतात तेवढा साग खरोखरच उतरवला असता, तर ब्रह्मदेशात आज सावलीपुरतं झाड उरलं नसतं.

आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा वाटणीत माझ्याकडे माजघरातली एक तुळई आली. चुलतभावाने त्याच्या वाट्याची तुळई त्याच दिवशी वखारवाल्याला देऊन रोख पैसे मोजून घेतले, आणि मला म्हणाला, "तू काय लोणचं घालणार तिचं?" मला तिचं जेवणाचं टेबल करायचं होतं. आमच्या घरातल्या चार पिढ्यांचा पाळणा त्या तुळईच्या कडीला टांगलेला होता. अशा वस्तूला वखारीत फुटावर मोजलेलं मला बघवलं नसतं.

मेस्त्री आले. डॉक्टर पोटावर बोटं वाजवतात तशी त्यांनी तुळई ठिकठिकाणी वाजवली आणि म्हणाले, "भाऊ, चिरू या. पण मग वर्षभर हात लावायचा नाही."

"अहो, ऐंशी वर्षं छपराखालीच होती की ती!"

"वरून सुकलेय. आतलं चिरल्यावर कळतं. लाकूड जुनं म्हणून शहाणं असतंच असं नाही."

त्यानंतर माझं शिक्षण सुरू झालं. आधी लोहचुंबक फिरवून गंजके खिळे शोधायचे, नाहीतर करवतीचे दात पडतात. सागाच्या अंगात मुळातच सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं एरवीही लवकर बोथट होतं. तुळई चिरली की आतला ताण मोकळा होऊन सरळ फळी वाकडी होते, म्हणून फळ्या हव्या त्याहून जाड काढायच्या. मग सावलीत, वाऱ्यावर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून एकावर एक रचायच्या. टोकांना रंग फासायचा, कारण ओल टोकांतून घाईघाईने पळते आणि जाताना चीर पाडून जाते. लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि सोडतं. लांबीत ते फारसं बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं. आषाढात आमच्याकडे ड्रॉवर उघडत नाहीत आणि माघात लावलेले उघडेच वाटतात, ते याच न्यायाने.

फळ्या सुकत होत्या त्या वर्षात मी सागाचा इतिहास वाचून काढला. ब्रह्मदेशचा राजा थिबा रत्नागिरीस आला हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याला इथे आणलं ते सागानेच! मुंबईत १८६३ मध्ये निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन त्याच्या जंगलात ओंडके तोडी. मोजले थोडे, नेले फार, असा ठपका ठेवून १८८५ मध्ये त्याच्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरात आरमार इरावतीतून वर चढलं, दोनएक आठवड्यांत मंडाले पडलं, आणि १८८६ साली राजा सहकुटुंब रत्नागिरीत दाखल झाला. हिशेब तपासायला निघालेल्या माणसाची अशी बदली सरकारी खात्यातही होत नसेल.

साग वाळवायची ब्रह्मी रीत ऐकण्यासारखी आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून बुंध्याशी साल आणि बाहेरचं लाकूड गोल कापून मुळांशी नातं तोडायचं आणि झाड तीनेक वर्षं उभ्याउभ्याच वाळू द्यायचं. मग तोडून नदीत सोडलं की तरंगत बंदराला येतं.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. थिबाचं दुसरं काय झालं? मुळं तोडली आणि तीस वर्षं उभं ठेवलं. भाट्याच्या खाडीवरचा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, तिथे त्याला उणीपुरी सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. त्याची समाधीही इथेच आहे. पुढे कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली, इथेच संसार केला आणि १९४७ मध्ये इथेच वारली. ब्रह्मी सागाची कुठली तुळई खरी आणि कुठली थापेची, ते मेस्त्रींनाही सांगता येत नाही. ती मात्र अस्सल ब्रह्मी होती, आणि इथे रुजली.

चुलतभावाला मी आणखी एक दाखला दिला. लंडनमधलं लिबर्टी नावाचं मोठं दुकान १९२४ मध्ये दोन जुन्या युद्धनौका मोडून त्यांच्या लाकडातून उभं केलं. साहेब आरमार मोडून दुकान घालतो, मी माजघर मोडून टेबल केलं तर काय बिघडलं? यावर तो म्हणाला, "साहेबाने विकलं तरी!"

वर्षाने फळ्यांवर रंधा फिरला आणि घरभर सागाचा तो तेलकट वास सुटला. मेस्त्रींनी विचारलं, "पाळण्याच्या कडीचं भोक बुजवू ना?" मी म्हटलं, राहू द्या. सौभाग्यवतींच्या मते टेबलाला भोक म्हणजे आमटीला पायवाट. खरं आहे, पण त्यावर वाटी ठेवता येते.